गायीचे शिंग आणि द्राक्षाचा मळा

(नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागाईतदारांच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ आहे.)



हे निमंत्रण स्वीकारताना माझ्यासमोर दोन अडचणी होत्या, त्या आरंभीच सांगून टाकतो. पहिली अशी की, मी कलाशाखेचा पदवीधर. तीस वर्षे वृत्तपत्रांत लेखणी झिजवली, पण नांगराची मूठ कधी हाती धरली नाही. शेतीचे माझे प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे बालपणी निफाड तालुक्यात मामांच्या बागेत काढलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. तुमच्यासारख्या तज्ज्ञांपुढे द्राक्षाविषयी बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. दुसरी अडचण घरातली. विषय फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांचा आणि त्यांच्या वाइनचा आहे असे मी सांगताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “तुम्ही? आणि वाइनवर व्याख्यान?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

मी मद्य घेत नाही आणि घ्यावे असे कोणाला सांगणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यबंदीचे उद्दिष्ट राज्यासमोर ठेवले आहे. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा झालेल्या विरोधात माझाही एक लेख होता. ते मत आजही कायम आहे. परंतु ज्या देशात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी मठातील साधूंनी डोंगरउतारावर वेली लावल्या, जिथे उपासनेच्या वेदीवरही द्राक्षरस ठेवला जातो, तिथल्या शेतकऱ्याला आपल्या तराजूने तोलण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. पेल्यात काय आहे हा माझा आजचा विषय नाही. मुळाखालच्या मातीत काय आहे, तिथे हुकूम कोणाचा चालतो आणि एखादा लहान शेतकरी त्या हुकमाला ‘नाही’ म्हणतो तेव्हा काय होते, हा विषय आहे.

फ्रान्सच्या पश्चिम भागात ल्वार नावाची नदी वाहते. तिच्या काठी आंजेर शहराच्या जवळ साव्हेनिएर नावाचे गाव आहे. गावालगतच्या तीव्र उतारावर सुमारे सात हेक्टरांचा एक मळा आहे, त्याचे नाव ‘कुले द सेरां’. इसवी सन ११३० मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तिथे प्रथम द्राक्षे लावली, आणि तेव्हापासून तो उतार द्राक्षाखालीच आहे. आपल्याकडे देवगिरीला यादवांची राजधानी व्हायची होती, त्या काळातली ही गोष्ट. द्राक्षाची जात आहे शनँ ब्लाँ, जी आज आपल्या नाशिकच्या वायनरींसाठीही लावली जाते. म्हणजे वेलीच्या नात्याने ते गाव आपले सोयरेच म्हणायचे.

ज्योली कुटुंबाने हा मळा १९६२ मध्ये घेतला. मुलगा निकोला अमेरिकेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन एका मोठ्या अमेरिकन बँकेत न्यूयॉर्कला आणि लंडनला नोकरी करत होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो नोकरी सोडून आईच्या मदतीला घरी आला. पुढची हकीकत त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. शेतकी खात्याचे सल्लागार आले आणि म्हणाले, तुमची आई जुन्या वळणाने शेती करते. आता काळ बदलला, तणनाशक मारा, मजुरी वाचेल. बँकेतून आलेल्या तरुणाला हिशेब पटला. त्याने फवारणी सुरू केली. दोन वर्षांत त्याच्या लक्षात आले की, मातीचा रंग बदलला आहे. मावा खाणारे ठिपक्यांचे ढालकिडे दिसेनासे झाले आहेत, बांधावरचे तितर गेले आहेत. पैसा वाचला, पण मळा मुका झाला.

बंधुभगिनींनो, इथे मला मामांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांच्या बागेत पहाटे बुलबुलांचा इतका गलका असे की, घड राखायला आम्हां पोरांना गोफण देऊन बसवत. पुढे मी नोकरीला लागल्यावर एकदा मुक्कामाला गेलो, तर पहाटेला ब्लोअरच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. मामांना विचारले, तर म्हणाले, “पाखरांचा त्रास गेला बघ.” त्यांच्या स्वरात समाधान होते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाखरांचा त्रास गेला. औषधाच्या दुकानातली उधारी मात्र दर हंगामाला वाढत गेली, आणि ती फेडण्यासाठी त्यांनी विहिरीजवळचा दोन एकरांचा तुकडा विकला.

निकोला ज्योलीच्या हाती त्या सुमारास जैवगतिक शेतीवरचे एक पुस्तक पडले. इंग्रजीत ज्याला बायोडायनॅमिक म्हणतात, ती ही पद्धती. १९८० मध्ये त्याने थोड्या क्षेत्रावर प्रयोग केला आणि १९८४ पासून सगळा मळा त्याच पद्धतीखाली आणला. उतारावर ट्रॅक्टरऐवजी घोडा आला. गोठ्यात गायी आल्या. द्राक्षे एकाच दिवशी न तोडता पिकतील तशी अनेक फेऱ्यांत हाताने तोडली जाऊ लागली. शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना तुम्ही माझ्यापेक्षा चांगली करू शकाल. आज त्याची कन्या तो मळा सांभाळते.

आता या पद्धतीच्या उगमाकडे वळू. तिचा प्रवर्तक रुडॉल्फ स्टायनर हा ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक. शेतकरी नव्हे. १९२४ च्या जून महिन्यात, ७ ते १६ तारखांदरम्यान, ब्रेस्लाऊजवळच्या कोबरविट्स येथे एका जमीनदाराच्या वाड्यावर त्याने शेतीवर आठ व्याख्याने दिली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. जमलेल्या शंभरावर श्रोत्यांची तक्रार अशी होती की, बियाण्यातला जोम कमी होतो आहे, जनावरे वारंवार आजारी पडतात, आणि नवी रासायनिक खते आल्यापासून हे वाढले आहे. स्टायनरचे उत्तर असे : शेत हा कारखाना नसून एक सजीव देह आहे. त्याला लागणारे खत, बियाणे, चारा शक्यतो त्याच्याच आत निर्माण झाला पाहिजे. या देहाचे पोट म्हणजे गाय. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये स्टायनर वारला. त्याच्या अनुयायांनी ही पद्धती वाढवली आणि १९२८ मध्ये ‘डिमीटर’ हे गुणवत्तेचे चिन्ह सुरू झाले, ते आजही जगभर चालते.

या पद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध द्रव्य म्हणजे शिंगखत. त्याला पाचशे क्रमांकाचे द्रव्य म्हणतात. व्यालेल्या गायीच्या शिंगात दुभत्या गायीचे ताजे शेण दाबून भरायचे आणि पावसाळा संपल्यावर जमिनीत पुरायचे. थंडीभर ते जमिनीत राहते. वसंताच्या तोंडी उकरले की, शेणाचा वास पूर्ण गेलेला असतो. हातात येते ती काळीभोर, ओलसर, रानातल्या मातीचा वास असलेली कसदार बुकटी. एकरी फक्त पंचवीस-तीस ग्रॅम घ्यायची, बादलीभर पाण्यात टाकायची आणि तासभर ढवळायची. ढवळण्याचीही रीत आहे. एका दिशेने काठीने इतके फिरवायचे की, मध्ये खोल भोवरा पडला पाहिजे. मग झटक्यात उलट दिशा, पाण्याची खळबळ, आणि पुन्हा भोवरा. तासाभरानंतर दुपार उतरली की, हे पाणी मोठ्या थेंबांनी जमिनीवर शिंपडायचे. दुसरे द्रव्य गारगोटीच्या पिठाचे; ते शिंगात उन्हाळाभर ठेवतात आणि पहाटे पानांवर फवारतात. आणखी सहा द्रव्ये वनस्पतींपासून करून कंपोस्टाच्या ढिगात घालतात. पेरणी, छाटणी, फवारणी चंद्राच्या गतीकडे पाहून करतात. मारिया थून नावाच्या जर्मन विदुषीने त्यासाठी १९६० च्या दशकापासून वार्षिक पंचांगच काढले. त्यात मुळाचे, पानाचे, फुलाचे आणि फळाचे असे दिवस ठरवून दिलेले असतात.

हे ऐकताना तुमच्या चेहऱ्यांवर जे हसू उमटले, ते मी ओळखतो. “हे तर आमच्याकडे होतेच!” गाय आली, शेण आले, पंचांग आले, आता वेगळे काय राहिले? मला या वाक्याची थोडी भीती वाटते. आपण ते फार लवकर उच्चारतो आणि उच्चारून झाले की, स्वस्थ बसतो. वस्तुस्थिती पाहू. स्टायनरचा भारतीय विचाराशी संबंध होता, हे खरे. १९०२ पासून तो थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचा प्रमुख होता, आणि त्या सोसायटीचे मुख्य ठाणे आपल्या मद्रासजवळ अड्यारला. परंतु बाल कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्याच्या प्रश्नावर तो १९१२-१३ च्या सुमारास त्या संस्थेतून बाहेर पडला आणि त्याने स्वतंत्र मार्ग काढला. शिंगात शेण भरून पुरण्याची कृती माझ्या वाचनात आपल्या कोणत्याही प्राचीन कृषिग्रंथात आढळलेली नाही. ती त्याची आहे. ज्याचे श्रेय त्याला द्यावे. त्याने आपले काही कमी होत नाही.

उलट, जे खरोखर आपल्याकडून गेले त्याचा आपल्याला पत्ता नसतो. ज्या १९२४ साली कोबरविट्सला ती व्याख्याने झाली, त्याच साली इंदूरला वनस्पती उद्योगाची एक संशोधन संस्था उभी राहिली. तिचा संचालक अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज. तो १९०५ पासून भारतात होता, आणि आपले खरे गुरू इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हे आहेत, असे तो मानत असे. शेण, काडीकचरा, माती आणि राख यांच्या थरांतून खत करण्याची जी रीत त्याने इंदूरला बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. पश्चिमेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक मोठा झरा हा आहे. हॉवर्ड मात्र स्टायनरपंथीयांच्या गूढ भाषेविषयी अखेरपर्यंत साशंक राहिला. इंदूरच्या नावाचा हा अभिमान मराठी माणसाने होळकरांच्या नगरीच्या नात्याने बाळगायला हरकत नाही.

शिंगाचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. युरोपात बहुसंख्य गोठ्यांत वासरांची शिंगे उगवण्याआधीच डागून टाकतात. जागा कमी लागते आणि जनावरे एकमेकांना जखमा करत नाहीत. जैवगतिक शेतीत याला मनाई आहे. स्वित्झर्लंडमध्ये आर्मिन कापॉल नावाच्या एका डोंगरी शेतकऱ्याने असा आग्रह धरला की, गायीची शिंगे राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने अनुदान द्यावे. त्याने लाखावर सह्या गोळा केल्या आणि त्या देशाच्या घटनेनुसार सार्वमत घ्यावे लागले. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या नागरिकांनी गायीच्या शिंगांवर मतदान केले! प्रस्ताव पडला, सुमारे ५५ टक्के मते विरोधात गेली. पण पंचेचाळीस टक्के लोक शिंगांच्या बाजूने उभे राहिले, हे गोमातेचा जयजयकार करून गोऱ्ह्याला रस्त्यावर सोडणाऱ्या आपल्या समाजाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणखी एक कटू बाजूही सांगितली पाहिजे. तिकडे शिंगे येतात ती बहुतांशी खाटिकखान्यातून. आपल्याकडे तसे होऊ शकत नाही आणि होऊ नये. आजच्या यजमानांनी आपली शिंगे पांजरपोळातील नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या गायींची आणली आहेत. एक शिंग काही हंगाम चालते, त्यामुळे तेवढी पुरतात.

आता तुम्ही रोकडा प्रश्न विचाराल : याने काही होते का? मी श्रद्धेने उत्तर देणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून एक प्रयोग अखंड चालू आहे. शेजारशेजारच्या वाफ्यांत जैवगतिक, सेंद्रिय आणि प्रचलित रासायनिक शेती केली जाते. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पहिल्या दोन पद्धतींत उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी कमी होते. परंतु खत आणि ऊर्जेचा खर्च ३४ ते ५३ टक्क्यांनी आणि कीटकनाशकांचा वापर ९७ टक्क्यांनी कमी होता. मातीतील गांडुळे आणि सूक्ष्म जीव यांच्यात लक्षणीय वाढ दिसली. हे झाले अनुकूल. आता प्रतिकूल ऐका. कॅलिफोर्नियातील युकाया येथे एकाच द्राक्षमळ्याचे अर्धे वाफे साधे सेंद्रिय आणि अर्धे जैवगतिक ठेवून सहा वर्षे निरीक्षण केले गेले. २००५ च्या अहवालानुसार मातीच्या गुणवत्तेत दोहोंमध्ये फरक सापडला नाही. फळात सापडला तोही अल्प. म्हणजे विष थांबवले, शेणखत घातले, तण मातीत गाडले, तर जमीन सावरते, हे सिद्ध आहे. शिंगाने आणि चंद्राने त्यात किती भर पडते, हे सिद्ध नाही. माझे स्वतःचे मत विचाराल, तर तासभर ढवळण्याचा सर्वांत मोठा परिणाम ढवळणाऱ्यावर होत असावा. जो माणूस तासभर बादलीपाशी उभा राहतो, तो आपल्या बागेकडे तासभर बघतो. दुकानातल्या बाटलीने ही सवय मोडली आहे.

आणि ही माणसे सर्वथा निर्दोष आहेत, असेही नाही. केवडा म्हणजे डाऊनी आला की, तीही बोर्डो मिश्रणच मारतात. त्या मिश्रणाची कथा तर त्यांच्याच देशातली. बोर्दोजवळच्या रस्त्यालगतच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की, नेमक्या त्याच वेलींवर रोग नाही. आणि १८८५ मध्ये त्यांनी ते औषध जगापुढे मांडले. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला! परंतु तांबे जमिनीत साठते, जात नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली. पावसाळी वर्षी ती पाळताना या लोकांची झोप उडते.

द्राक्ष तोडल्यानंतरचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो माझा प्रांत नाही. प्रचलित कारखान्यात रस आंबवण्यासाठी पाकिटातले यीस्ट वापरतात, रंगरूप सुधारतात, गाळतात, आणि टिकण्यासाठी गंधकाचा अंश मिसळतात. युरोपीय नियमानुसार तांबड्या वाइनमध्ये तो लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. बोजोले प्रांतातील झ्यूल शोव्हे या रसायनवेत्त्या व्यापाऱ्याने असा विचार मांडला की, फळ निरोगी असेल, तर त्याच्या सालीवरचे नैसर्गिक जीवाणू-बुरशीच काम करतात, बाहेरून काही घालावे लागत नाही. मोर्गाँचे मार्सेल लापिएर आणि त्यांचे शेजारी १९८० च्या सुमारास त्यांच्या मार्गाने गेले. २०२० मध्ये फ्रान्सच्या शासनाने अशा नैसर्गिक पद्धतीच्या व्याख्येला मान्यता दिली : सेंद्रिय फळ, हाताने तोडणी, बाहेरचे यीस्ट नाही, गंधक फार तर ३० मिलिग्रॅम. आपल्या आजीने मुरंब्याच्या बरणीबद्दल हेच सांगितले असते : फळ चांगले निवडा, बरणी कोरडी ठेवा, मग काही लागत नाही. बिघडण्याचा धोका मात्र मोठा असतो आणि तो पूर्णपणे शेतकऱ्याच्या माथी.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी प्रांत आहे, आणि तिथे बोन नावाचे शहर. इमान्युएल जिबुलो हा तिथला लहान द्राक्ष उत्पादक. जमीन सुमारे दहा हेक्टर. त्याच्या वडिलांनीच १९७० च्या दशकात रासायनिक औषधे सोडली होती, मुलाने पुढे जैवगतिक पद्धत धरली. या भागात ‘फ्लाव्हेसाँस दोरे’ नावाच्या रोगाची दहशत आहे. तुडतुड्यांमार्फत पसरणारा हा रोग; वेलीची पाने सोनेरी पिवळी पडतात, वेल मरते, औषध नाही. एखाद्या मळ्यात वीस टक्क्यांहून अधिक वेली बाधित झाल्या, तर सगळा मळा उपटावा लागतो. शेजारच्या जिल्ह्यात तसे घडलेही होते. म्हणून २०१३ च्या जूनमध्ये जिल्हाप्रमुखाने आदेश काढला : कोत-दोर जिल्ह्यातील प्रत्येक द्राक्ष उत्पादकाने तुडतुड्यावर कीटकनाशक फवारलेच पाहिजे. सेंद्रियवाल्यांसाठी शेवंतीच्या कुळातील फुलांपासून केलेले औषध मंजूर होते. म्हणजे नियमात बसणारी पळवाट समोर होती.

जिबुलोने ती घेतली नाही. त्याचे म्हणणे असे : औषध फुलांपासून केलेले असले, तरी ते मधमाशा आणि मित्रकीटक मारतेच. माझ्या मळ्यात रोग नाही. आहे तिथे जरूर उपाय करा, पाहणी करा, रोपवाटिकेतली कलमे गरम पाण्यात बुडवून शुद्ध करा. पण निरोगी मळ्यावर सरसकट फवारणी मी करणार नाही. जुलैत तपासणीस आले, तेव्हा त्याने फवारल्याची खोटी पावती पुढे केली नाही. “फवारले नाही,” असे सरळ सांगितले. मित्रहो, खोटी पावती देणे किती सोपे होते, हे मी या सभेत सांगायला नको!

खटला दाखल झाला. सहा महिने कैद आणि तीस हजार युरो दंड, इतकी शिक्षा होऊ शकत होती. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी दिजाँच्या न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा बाहेर शेकडो लोक जमले होते, आणि पाच लाखांहून अधिक लोकांनी त्याच्या बाजूने सह्या केल्या होत्या. परंतु सगळे त्याच्या बाजूचे होते असे समजू नका. खुद्द सेंद्रिय शेती करणाऱ्या काही शेजाऱ्यांना त्याचे वागणे बेजबाबदार वाटले. त्यांचा प्रश्न बिनतोड होता : तुडतुडा बांध ओळखत नाही. तुझ्या तत्त्वापायी आमच्या पिढ्यांच्या वेली उपटाव्या लागल्या, तर त्याचे काय? ७ एप्रिलला त्याला एक हजार युरोंचा दंड झाला, त्यापैकी निम्मा स्थगित. रक्कम किरकोळ होती, पण गुन्हेगार हा शिक्का त्याला मान्य नव्हता. त्याने अपील केले. १ डिसेंबर २०१४ रोजी वरिष्ठ न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कारण काय? जिल्हाप्रमुखाच्या आदेशाला मंत्रालयाची जी रीतसर मंजुरी लागते, तीच घेतलेली नव्हती. आदेशच बेकायदा!

तत्त्वाचा निवाडा न्यायालयाने केला नाही, हे लक्षात घ्या. म्हणून तो आपल्याला करावा लागतो. मी पुष्कळ विचार केला. शेजाऱ्यांची भीती मला खरी वाटते. धर्म म्हणजे केवळ माझ्या शेताचा धर्म नव्हे, शेजाऱ्याच्या बांधाचेही मला देणे लागते. रोग त्याच्या मळ्यात सापडला असता आणि तरीही त्याने हात बांधून ठेवले असते, तर मी त्याच्या विरुद्ध बोललो असतो. पण रोग नसताना केवळ एका सहीने जिल्हाभर विष फवारण्याची सक्ती, आणि तीही स्वतः नियम न पाळता केलेली, याला कोणीतरी उभे राहून ‘नाही’ म्हणायला हवे होते. ते एखाद्या मोठ्या कंपनीने म्हटले नाही. दहा हेक्टरवाल्याने म्हटले. पुढे त्या भागात सरसकट फवारणीऐवजी पाहणी करून गरजेपुरती फवारणी, या दिशेने नियम वळत गेले.

आपल्याकडे हुकूम सरकारी अधिकाऱ्याचा नसतो, दुकानाच्या काउंटरवरचा असतो. छाटणी झाली की, डोळे फुटण्यासाठी पेस्ट, मग केवड्याला एक, भुरीला एक, थ्रिप्सला एक, घड फुगवायला एक. पाऊस आला की, सगळे पुन्हा. २०१० चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. क्लोरमेक्वाट, म्हणजे तुमच्या भाषेत सीसीसी, याचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपच्या बंदरांत आपले कंटेनर अडकले. आपल्या तपासणीच्या यादीत ते द्रव्य नव्हतेच. माल शेतकऱ्याचा, चूक यादीची, आणि कर्ज पुन्हा शेतकऱ्याच्याच सातबाऱ्यावर.

तरीही आपली भूमी या बाबतीत ओसाड नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून तासगाव भागातील सामान्य शेतकरी मुळाशी आणि पानाशी बोलायला शिकले. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांचे जीवामृत देशभर गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि शिंगखत? १९९३ मध्ये इंदूरच्या टी. जी. के. मेनन यांनी न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांना इकडे बोलावले. तो साठी उलटलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे येत राहिला आणि खेड्याखेड्यांतून शिंगे पुरायला शिकवत राहिला. २०१८ मध्ये ते वारले. हॉवर्ड ज्या गावातून शेणाचे शास्त्र घेऊन गेला, त्याच गावात काही दशकांनी ही दुसरी रीत उतरली.

मामा आज नाहीत. त्यांच्या मुलाने, माझ्या मामेभावाने, उरलेल्या बागेतील अर्ध्या एकराला तीन वर्षांपासून तणनाशक बंद केले आहे. फक्त अर्धा एकर. बाकीच्या बागेवर तो अजून फवारतो, कारण कर्ज आहे आणि निर्यातीचा करार आहे. त्याला मी दोष देत नाही. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात माल निम्म्याने घटला. दुसऱ्या वर्षी भुरीने छळले. यंदा त्याने मला दूरध्वनी करून सांगितले ते एवढेच की, खोदताना गांडुळे निघाली आणि बुलबुल पुन्हा येऊ लागले आहेत. मी विचारले, “मग राखण कशी करतोस?” तो म्हणाला, “दादा, पोराला गोफण करून दिली आहे.”

माझी वेळ संपत आली. आपल्या यजमानांनी गेल्या वर्षी पुरून उकरलेले शिंगखत मडक्यात जपून ठेवले आहे, आणि मागच्या बाजूला, शेडखाली, सहा बादल्या भरून ठेवल्या आहेत. ढवळायला पूर्ण तास लागेल आणि ऊन उतरायला साधारण तेवढाच अवकाश आहे. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी बाह्या सरसावून तिकडे चलावे. भगिनींनाही आग्रहाचे निमंत्रण आहे. दिशा बदलताना पाणी अंगावर उडते, तेवढे सांभाळा.